उपचारांचा निर्णय आणि रुग्णाचा सहभाग

जानेवारी २०२५ च्या अखेरीस कर्नाटक शासनाच्या आरोग्य व कुटुंब कल्याण खात्याने बंगळुरू येथून एक परिपत्रक काढले. बरे होण्याची आशा उरलेली नाही अशा रुग्णाची जीवरक्षक प्रणाली काढून घेण्याबाबत किंवा ती सुरूच न करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने आखून दिलेली कार्यपद्धती राज्यातील रुग्णालयांनी कशी अमलात आणावी, हे त्यात सांगितले होते. ‘सन्मानाने मरण्याचा हक्क’ अशा शब्दांत त्याची चर्चा झाली. परंतु परिपत्रकाच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ मरणाचा नाही. उपचार कोणते, किती आणि कुठवर करावयाचे हे ठरविताना रुग्णाचे म्हणणे कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत विचारावयाचे, हा तो प्रश्न होय. आरोग्य धोरणाच्या अभ्यासात ‘रुग्णकेंद्री मार्गदर्शक तत्त्वे’ आणि ‘सहभागी निर्णय’ या दोन संकल्पनांखाली त्याचा विचार केला जातो. कायदा, वैद्यकीय नीतिशास्त्र आणि प्रशासन या तिन्ही अंगांनी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी तो समजून घेणे आवश्यक आहे.

संकल्पनांचा अर्थ

विशिष्ट आजारात कोणते उपचार करावेत याविषयी उपलब्ध पुरावे पारखून तज्ज्ञांनी पद्धतशीरपणे केलेल्या शिफारशींना चिकित्सा मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने कर्करोगांसाठी अशी तत्त्वे तयार केली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ पासून नेहमीच्या आजारांसाठी प्रमाणित उपचारक्रम प्रसिद्ध केले. मोठ्या शहरातील आणि तालुक्याच्या गावातील उपचारांत गुणवत्तेचा फरक राहू नये, अनावश्यक तपासण्या व औषधे टळावीत, हा त्यांचा हेतू असतो.

मात्र मार्गदर्शक तत्त्वांना एक अंगभूत मर्यादा आहे. ती शेकडो-हजारो रुग्णांवरील अभ्यासांतून निघालेली असल्याने बहुसंख्य रुग्णांना काय लागू पडते ते सांगतात. समोर बसलेल्या एका रुग्णाला आयुष्यात काय महत्त्वाचे वाटते, कोणता त्रास सोसण्याची त्याची तयारी आहे आणि कोणता नाही, हे त्यांना ठाऊक नसते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ च्या अहवालात आरोग्यसेवेची सहा उद्दिष्टे मांडली : सुरक्षितता, परिणामकारकता, रुग्णकेंद्रितता, वेळेवर सेवा, कार्यक्षमता आणि समन्याय. रुग्णाच्या पसंती, गरजा आणि मूल्ये यांचा आदर करून उपचारांचे निर्णय घेणे, असा त्यातील रुग्णकेंद्रिततेचा आशय आहे.

सहभागी निर्णय ही त्यापुढची पायरी. वैद्यक पुरावा आणि अनुभव आणतो. रुग्ण आपली मूल्ये, परिस्थिती आणि अपेक्षा आणतो. दोघे मिळून निर्णयापर्यंत येतात. १९८२ मध्ये अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षांच्या वैद्यकीय नीतिविषयक आयोगाने या विचाराचा पुरस्कार केला. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने जून २०२१ मध्ये सहभागी निर्णयासाठीच स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. या प्रक्रियेचे साधारणतः तीन टप्पे सांगितले जातात. पहिल्या टप्प्यात निवड करावयाची आहे आणि ती दोघांनी मिळून करावयाची आहे, हे रुग्णाला सांगितले जाते. दुसऱ्या टप्प्यात पर्याय, त्यांचे लाभ आणि धोके मांडले जातात. तिसऱ्या टप्प्यात रुग्णाची पसंती जाणून निर्णय होतो.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. संमती म्हणजे वैद्यकाने सुचविलेल्या उपचाराला रुग्णाने दिलेला होकार. सहभागी निर्णयात उपचार सुचविण्यापूर्वीच रुग्णाचे म्हणणे विचारात घेतले जाते. संमतिपत्रावरील सही हा सहभागाचा पुरावा होऊ शकतो, पर्याय होऊ शकत नाही.

शिफारशींचे बळ आणि रुग्णाची पसंती

सर्वच शिफारशी सारख्या बळाच्या नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या ग्रेड पद्धतीत त्या ‘सबळ’ आणि ‘सशर्त’ अशा दोन प्रकारांत मांडल्या जातात. लाभ हानीपेक्षा स्पष्टपणे अधिक असेल तेथे शिफारस सबळ असते. क्षयरोगाच्या औषधांचा पूर्ण क्रम घेणे हे त्याचे उदाहरण. जेथे लाभ-हानी तुल्यबळ असतात किंवा पसंतीनुसार निवड बदलू शकते तेथे शिफारस सशर्त असते. सशर्त शिफारशीच्या बाबतीत वेगवेगळ्या रुग्णांसाठी वेगवेगळे निर्णय योग्य ठरू शकतात आणि म्हणून तेथे रुग्णाशी चर्चा करणे हाच शिफारशीचा गाभा असतो.

स्तनाच्या कर्करोगाची प्रारंभिक अवस्था हे यासाठी बोलके उदाहरण आहे. योग्य रुग्णांमध्ये संपूर्ण स्तन काढणे किंवा केवळ गाठ काढून नंतर किरणोपचार देणे, असे दोन्ही मार्ग खुले असतात. इटली आणि अमेरिका येथील अभ्यासांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही मार्गांत जगण्याचे प्रमाण सारखेच असल्याचे त्यांतून दिसले. मग निवड कशाच्या आधारे करावयाची? गाठ काढल्यावर साधारणपणे तीन ते पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार घ्यावे लागतात. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या किडवाई स्मारक कर्करोग संस्थेत दूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. अशा एखाद्या स्त्रीला तेवढे आठवडे शहरात राहणे, मजुरी बुडविणे, घरी लहान मुले सोडणे शक्य आहे काय? की शरीराची अखंडता तिला या सर्व गैरसोयींपेक्षा मोलाची वाटते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नाही. दुसऱ्याचे उत्तर पतीजवळ किंवा भावाजवळही नाही. ते केवळ तिच्याजवळ आहे. तिला न विचारता घेतलेला निर्णय शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष असूनही तिच्यासाठी चुकीचा ठरू शकतो.

संमतीचा कायदा

भारतात या विषयाचा कायदेशीर पाया टप्प्याटप्प्याने घडला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घेण्याचे बंधन आहे. परंतु त्या नियमाच्या शब्दरचनेत पती किंवा पत्नी, अज्ञान व्यक्तीच्या बाबतीत आईवडील अथवा पालक आणि त्यानंतर स्वतः रुग्ण, असा क्रम येतो. कुटुंबाला आधी आणि रुग्णाला शेवटी विचारण्याची आपली सामाजिक रीत नियमाच्या भाषेतही उतरली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात याबाबत स्पष्ट भूमिका घेतली. निदानासाठीच्या तपासणीस संमती दिलेल्या प्रौढ स्त्रीवर ती भुलेच्या अमलाखाली असताना, तिच्या आईची संमती घेऊन, गर्भाशय व बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. जिवावरचा तातडीचा प्रसंग नसताना सक्षम प्रौढ रुग्णाच्या वतीने आईने दिलेली संमती वैध नाही आणि तपासणीसाठीची संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. पूर्वी कर्नाटक उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेले न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी हा निकाल लिहिला. मात्र माहिती किती द्यावी याबाबत न्यायालयाने अमेरिकेतील कठोर निकष स्वीकारला नाही; निर्णय घेण्यास पुरेशी ठरेल इतकी माहिती देणे आवश्यक मानले. देशातील रुग्णांची स्थिती आणि वैद्यकावरील त्यांचे अवलंबित्व यांचा विचार त्यामागे होता.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील मूलभूत हक्काचा भाग असल्याचे एकमताने मान्य केले. याचिकाकर्ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. आयुष्य लांबविणारे उपचार नाकारण्याचे स्वातंत्र्य गोपनीयतेच्या कक्षेत येते, असा विचारही त्या निकालपत्रांत मांडला गेला. उपचारांचा निर्णय हा अशा रीतीने वैद्यकीय शिष्टाचाराचा विषय न राहता घटनात्मक हक्काचा विषय झाला.

मानसिक आरोग्य : क्षमतेचे गृहीतक

सहभागी निर्णयाची खरी कसोटी लागते ती ज्याच्या निर्णयक्षमतेविषयीच शंका घेतली जाते अशा रुग्णाच्या बाबतीत. मनोविकारांच्या क्षेत्रात बंगळुरूचे स्थान मोठे आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स, १९७४ मध्ये तेथील जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकीकरणातून उभी राहिली. रुग्णासोबत कुटुंबालाही उपचारांत सामील करून घेण्याची परंपरा या संस्थेने जोपासली.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि त्याने १९८७ च्या कायद्याची जागा घेतली. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा त्याच्या जडणघडणीत सहभाग होता. परीक्षेच्या दृष्टीने पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

• कलम ४ नुसार मनोविकार असलेल्या व्यक्तीलाही निर्णयक्षम मानले जाते; माहिती समजणे, निर्णयाच्या परिणामांची जाण असणे किंवा निर्णय व्यक्त करता येणे यांवरून ही क्षमता ठरते. तिला समजेल अशा सोप्या भाषेत, खुणांच्या भाषेत किंवा चित्रांच्या साह्याने माहिती द्यावी लागते. इतरांना तिचा निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावरून ती अक्षम ठरत नाही.

• कलम ५ नुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती आपल्यावर मनोविकाराचे कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत याविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकते.

• कलम १४ नुसार क्षमता हरपल्यास आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा यासाठी ती साध्या कागदावर प्रतिनिधी नेमू शकते.

• तातडीच्या उपचारांना आगाऊ निर्देश लागू होत नाहीत. निर्देश पाळणे अयोग्य वाटल्यास वैद्यक, नातेवाईक किंवा शुश्रूषा करणारी व्यक्ती मानसिक आरोग्य मंडळाकडे दाद मागू शकते.

या कायद्यावर टीकाही झाली. भारतात रुग्णाचा भार कुटुंबच उचलते. त्याला बाजूस सारून व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणारी ही रचना पाश्चात्त्य धर्तीची आहे, असे काही मनोविकारतज्ज्ञांचे म्हणणे आहे. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि कायदा कुटुंबाला वगळत नाही. प्रतिनिधी म्हणून कोणाला निवडावयाचे हे रुग्णाला ठरवू देतो. तो बहुधा आपल्याच माणसाला निवडेल. फरक इतकाच, की निवड त्याची असेल.

बेळगावातील संघर्ष

रुग्णाच्या हक्काला राजकीय आणि आर्थिक बाजूही असते, हे २०१७ मध्ये कर्नाटकात दिसून आले. कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना अधिनियम, २००७ मध्ये दुरुस्ती करणारे विधेयक आरोग्यमंत्री रमेश कुमार यांनी मांडले. दर निश्चित करणे, तक्रार निवारण यंत्रणा उभारणे, रुग्णहक्कांची सनद जोडणे आणि दोषी आस्थापनांवर कारवाई करणे अशा तरतुदींना खासगी डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगाव येथे भरले असताना हजारो डॉक्टर तेथे जमले आणि राज्यभर खासगी बाह्यरुग्ण विभाग बंद राहिले. उच्च न्यायालयालाही त्यात लक्ष घालावे लागले. अखेर तुरुंगवासासारख्या कठोर तरतुदी सौम्य करून दुरुस्ती संमत झाली.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे अभ्यासणे उपयुक्त आहे. शिक्षेच्या भीतीने वैद्यक जोखमीचे रुग्ण टाळतील आणि शासकीय रुग्णालये कायद्याबाहेर ठेवणे अन्यायाचे आहे, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. खर्चाची आगाऊ कल्पना नसेल तर रुग्णाची निवड खरी निवड राहत नाही, अशी रुग्णहक्क संघटनांची बाजू होती. देशाच्या २०२१-२२ च्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च कुटुंबांनी थेट खिशातून केला. उपचारांची किंमत हा वैद्यकीय चर्चेबाहेरचा विषय मानून चालणार नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अखेरचा टप्पा : निर्णय कोणाचा?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर अखेरपर्यंत त्याच रुग्णालयात राहिल्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. मात्र ठरावीक अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या मान्यतेने निष्क्रिय दयामरण अनुज्ञेय असल्याचे सांगितले. अरुणा शानबाग स्वतः बोलू शकत नव्हत्या. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, याचा निवाडा करताना न्यायालयाने वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे म्हणणे मान्य केले. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाने आधी काही सांगून ठेवलेले नसेल तर त्याच्या इच्छेचा शोध इतरांना घ्यावा लागतो, हे या प्रकरणाने देशासमोर आणले.

कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये समाविष्ट असल्याचे मानले आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली. परंतु घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की ती व्यवहारात आणणे दुष्कर ठरले. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. आता निर्देशावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे आहे. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ आणि त्यानंतरचे दुय्यम मंडळ यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावयाचे असते. मंडळांवरील तज्ज्ञांच्या अनुभवाची अट वीस वर्षांवरून पाच वर्षांवर आली. निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि मतभेद झाल्यास उच्च न्यायालयाकडे जाता येते.

दुय्यम मंडळावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने एक डॉक्टर नेमावयाचा असतो. ही नेमणूक कोणी, कोणातून करावयाची हे ठरलेले नसले की फाईल पुढे सरकत नाही. बंगळुरूच्या परिपत्रकाचे महत्त्व येथेच आहे. १९९४ च्या मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण कायद्याखाली मेंदूमृत्यू प्रमाणित करण्यास मान्यता असलेल्या मेंदूविकारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञांतून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ही नियुक्ती करावी, असे त्यात म्हटले आहे. नवा हक्क त्याने निर्माण केला नाही. असलेला हक्क वापरण्याची वाट मोकळी केली. निर्देशाची प्रत सांभाळणारा अभिरक्षक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमणे ही अशीच दुसरी कडी आहे. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचा निर्देश नोंदवून नागरिकांपुढे उदाहरण ठेवले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही सप्टेंबर २०२४ मध्ये यासंबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा चर्चेसाठी प्रसिद्ध केला.

जीवरक्षक प्रणाली नाकारणे म्हणजे सेवा नाकारणे नव्हे. वेदना, धाप, भीती यांवरील उपशामक उपचार अखेरपर्यंत चालू राहावे लागतात. बंगळुरू हॉस्पाइस ट्रस्टची स्थापना १९९४ मध्ये झाली आणि तिच्या ‘करुणाश्रय’ या संस्थेत बऱ्या न होणाऱ्या कर्करोग रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा केली जाते. अशी सोय जवळपास नसेल तर रुग्णापुढे अतिदक्षता विभाग किंवा असह्य वेदना एवढेच पर्याय उरतात; त्याला निवड म्हणता येणार नाही.

मार्गातील अडचणी

पहिली अडचण वेळेची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात भारतातील प्राथमिक सेवेत डॉक्टर एका रुग्णाला सरासरी सुमारे दोन मिनिटे देत असल्याचे आढळले. एवढ्या वेळात निदान सांगणेही कठीण, तेथे पर्यायांची चर्चा कशी व्हावी? दुसरी अडचण भाषेची. बंगळुरूत कन्नडबरोबर तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी बोलणारे रुग्ण येतात आणि संमतिपत्र इंग्रजीत असेल तर ते न समजताच त्यावर सही किंवा अंगठा होतो. तिसरी अडचण घरातील मायेची. कर्करोगाचे निदान झाल्यावर ‘त्यांना सांगू नका, ते खचतील’ अशी गळ नातेवाईक डॉक्टरांना घालतात. हेतू चांगला असतो. पण ज्याच्या आयुष्याचा निर्णय आहे तोच चर्चेतून वगळला जातो. काही रुग्णांना सर्व माहिती नको असते, हेही खरे. ‘माझ्या मुलाला विचारून ठरवा’ असे रुग्णाने स्वतः सांगणे हाही त्याचा निर्णयच आहे. मात्र तो त्याला विचारल्यानंतर कळावयास हवा, गृहीत धरून चालू नये.

समारोप

या अडचणींवर काही उपाय हाताशी आहेत. प्रत्येक मार्गदर्शक तत्त्वात कोणत्या टप्प्यावर रुग्णाला काय विचारावे हे औषधाच्या मात्रेइतक्याच स्पष्टपणे लिहिले जावे. पर्यायांची तुलना करणारी साधी पत्रके प्रादेशिक भाषांत, शक्यतो चित्रांसह, उपलब्ध व्हावीत. परिचारिका, समुपदेशक आणि वैद्यकीय समाजसेवक यांना या संवादाचे प्रशिक्षण मिळाले तर डॉक्टरांवरील वेळेचा ताण हलका होईल. तत्त्वे तयार करणाऱ्या समित्यांत रुग्णांचे प्रतिनिधी असावेत. दीर्घ आजाराच्या रुग्णाशी आगाऊ निर्देशाविषयी बोलणे अतिदक्षता विभागाच्या दारात सुरू न होता बाह्यरुग्ण तपासणीतच व्हावे.

न्यायालयांनी हक्क मान्य केला आहे, विधिमंडळांनी कायदे केले आहेत आणि परिपत्रकांनी कार्यपद्धती घालून दिली आहे. तरीही मंडळाची बैठक भरते तेव्हा रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो. त्याचे उत्तर हवे असेल तर प्रश्न त्यापूर्वी, तो ऐकू व बोलू शकत असताना आणि त्याच्या भाषेत विचारला गेला पाहिजे. रुग्णकेंद्री आरोग्यसेवेची सुरुवात या विचारण्यापासून होते.